डावीकडे वळलं की वाजणारा हॉर्न

बाबांची जुनी मोटरसायकल विकायचं मीच ठरवलं. पण गिऱ्हाईकाच्या हाती किल्ली द्यायच्या आधी आदिलाबाद ते निर्मल हा त्यांचा रस्ता एकदा तिच्यावरून करायचाच, असा हट्ट धरला. जिल्ह्याचे चार तुकडे झाले तेव्हा बाबांची नोकरी निर्मलला गेली, घर इकडंच राहिलं. दर शनिवारी ते हिच्यावरून यायचे. मी तेव्हा हैदराबादला होते. ते गेल्याला दोन वर्षं झाली, तरी शनिवार आला की माझा जीव कुठं लागत नाही.

सकाळी सातला निघाले. गुडीहतनूरला पोहे-चहा. हायवे गुळगुळीत आहे, पण तुम्ही जाल तर निर्मलच्या अलीकडं जुन्या घाटानंच उतरा. सागाची सावली मिळते. मला कसली सावली! हॉर्नचं बटण कधीचंच मेलेलं, पण हँडल पुरतं डावीकडं वळलं की हॉर्न आपोआप बोंबलायचा. ही खोड जुनीच. आता त्याच्या जोडीला इंजिनही बंद पडायला लागलं. प्लग पुसला, फ्यूज पाहिला, बॅटरीच्या तारा आवळल्या, शिव्याही घातल्या. शेवटी उतारावरून तशीच घरंगळत खालच्या मेकॅनिकपाशी नेली.

ते मूळचे नार्नूरचे, मराठी ऐकून खुलले. हेडलाइट काढून त्यांनी हँडल हळूहळू वळवलं. मानेपाशी दोन वायरी फ्रेमला टेकत होत्या. इंजिन बंद करायच्या स्विचची वायर घासून उघडी पडली होती. दुसरी हॉर्नची. ती बघून ते थबकले.

"ही घासली नाई, ताई. ब्लेडनं सोलली हाय. कोनी मुद्दाम केलं असन."

बाबांशिवाय या गाडीला कोणी हात लावत नसे. त्यांनी असं काऊन केलं, मला कळेना. गिऱ्हाईकाला मात्र असला हॉर्न नको होता. दोन्ही वायरी झाकायला आणि नवं बटण बसवायला सांगितलं. दोनशे रुपये झाले. बाबांची कचेरी बाहेरूनच पाहिली, आत जायचा धीर झाला नाही. परतताना गाडी एकदाही थांबली नाही.

आमच्या गल्लीत डावीकडं वळावं लागतं. गाडी मुकाट वळली. मला स्वयंपाकघराच्या दारात बघून आई दचकली.

"कवा आलीस? हॉर्न नाई वाजला."

मग तिनं सांगितलं. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला की ती तवा ठेवायची. बाबा हातपाय धुऊन येईस्तोवर पहिली भाकर ताटात पडायची. मला तिथंच रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईकाला नाही म्हणून कळवलं. हॉर्नच्या वायरीवरची टेप सोडली आणि चौकापर्यंत उगाच चक्कर मारून आले. वळताना हॉर्न वाजला. मी दारात पोचले तेव्हा आईनं तवा ठेवला होता.