भोंगा माझ्या हातात होता

आमची गल्ली मंगरूळपीरला नाल्याच्या अगदी काठावर. पुलाच्या खांबावर लाल पट्टा मारलाय. पाणी पट्ट्याला टेकलं की पुलावरच्या माणसानं हातानं फिरवायचा भोंगा वाजवायचा आणि गल्लीनं वरच्या शाळेत जायचं. पावसाळ्यात वार वाटून घेतलेले. गुरुवार माझा.

भोंगेवाल्याला जागा सोडता येत नाही, मग त्याच्या घरच्यांचं काय? बैठकीत हे शेजारच्या भाऊंनीच काढलं आणि नियमही त्यांनीच केला. पुलावर जो असेल, त्याचं घर शेजाऱ्यानं रिकामं करायचं. माझे बाबा लकव्यानं खाटेवर. भाऊ सगळ्यांदेखत म्हणाले, "ताई, तुमचे बाबा माह्याकडं. तुमी फक्त भोंगा सांभाळा." मी भोळी, एवढ्यावर निर्धास्त झाले.

गेल्या श्रावणात गुरुवारी भरदुपारी पाणी पट्ट्याला लागलं. दंड भरून येईस्तोवर मी भोंगा फिरवला. गल्ली रिकामी झाल्याचा फोन आला, तेव्हा थांबले आणि शाळेत गेले. भाऊ होते, त्यांची बायको होती, बाजारात न्यायच्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांचं गाठोडंही होतं. बाबा नव्हते.

मी कमरेएवढ्या पाण्यातून घरी गेले. दाराला बाहेरून नुसती कडी होती. पाणी खाटेवर आलेलं, बाबांची पाठ भिजलेली, ओठ निळे पडलेले. म्हणाले, "भोंगा आयकू येत होता. तू फिरवून राह्यली, मंग कोनी येईनच, म्हणून हाका नाही मारल्या." तेव्हा धरलेली त्यांची छाती अजून सुटलेली नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊंना दारातच गाठलं. विसरलो म्हणाले असते तर मी पोटात घातलं असतं. ते उलट मलाच समजावायला लागले.

"भोंगा वाजवायच्या आंधी तुमी बाबाले हालवलं असन, असं वाटलं आमाले. कोनीबी तेच करन ना, ताई. राग कायले धरून राह्यल्या?"

उभ्या असलेल्या शेजारणींनी माना डोलावल्या. म्हणजे इतके गुरुवार मी त्या पुलावर भिजत उभी होते आणि अख्खी गल्ली मला आधी आपलं पाहणारी समजत होती. त्या माना मला अजून दिसतात आणि अंगाची आग होते.

यंदाही गुरुवार माझाच. पाणी पट्ट्याला टेकलं तशी मी आधी घरी गेले, बाबांना रिक्षात घालून शाळेत नेऊन निजवलं आणि मग पुलावर येऊन भोंगा फिरवला. तोवर दोन घरांत पाणी शिरलं होतं. उशीर का झाला, हे मला कोणीही विचारलं नाही.