खोबरेल तेलाचा बाना

लांजीकडच्या आमच्या गावात माझ्यासारखं तुणतुणं वाजवनारा दुसरा मानूस नाही. गावात तुणतुणंच एक हाय, अन् ते माझ्या घरी खुंटीले टांगलं राह्यते.

एक तार, एक आवाज. भजनात तेवढ्यावर निभून जाते. पन माझ्या बायकोनं ते आजवर समोर बसून आयकलं नव्हतं. म्या तार छेडली का तिले गोठ्यातलं शेन आठवे.

मागच्या साली शेजारच्या गोंड भाऊच्या घरी बिरसा गावाकडचा एक बाबा आला. संगं बाना. सारंगीसारखंच, पन घोड्याच्या केसायच्या तारा, अन् वरून घासाले केसायचाच गज. बाबा बाना वाजवे अन् त्या घरच्या पुरख्यायची नावं गाऊन सांगे. माझी बायको चुलीवर भाजी ठेवून आयकाले गेली. भाजी जळाली. ती डोळे पुसतच आली.

"धूर झाला का?" म्या इचारलं.

"नाही. बाना आयकला."

जेवताना मले सांगू लागली, "गोंडायचा देव रुसून साजाच्या झाडात जाऊन बसलता म्हन्ते. सात भावायतल्या सगळ्यात लहान्यानं लाकूड कोरून बाना केला, वाजवला, तवा देव खाली आला."

म्या हातातला घास ताटात ठेवला. माझं तुणतुणं सुरू झालं का कुत्रंबी अंगनातून उठते, अन् याच्यासाठी देव झाडावरून उतरते. म्या मनात म्हनलं, झाडावरचा देव उतरला तं गोठ्यातली बायको काहून नाही येनार?

दुसऱ्या दिवशी कुडाआडून चोरून पाह्यलं. वाजवायच्या आधी बाबा गजाले काहीतरी चोळत होता. तेल असन, अजून काय असते?

मंग म्या लाकूड कोरलं, बकऱ्याचं कातडं चढवलं. बालाघाटच्या वरातीच्या घोडीवाल्याले चहा पाजून शेपटीचे केस आनले. गज बांधला अन् त्याले खोबरेल तेल चोपडलं. केसच तं हाय, माझ्या डोक्याले चालते तं त्याले काहून नाही चालनार?

बायकोले म्हनलं, "आज बस समोर."

अन् ती खरंच बसली. म्या डोळे मिटले, गज ओढला. आवाजच नाही. वावराच्या ओल्या धुऱ्यावरून पाय सरकावा तसा गज सरके. दाबून ओढला, मान हलवली, तरी चूप. एक डोळा उघडून पाह्यलं, तं बायको बसलीच होती. गोठा नाही, शेन नाही.

शेजारचा भाऊ कुडावरून पाहून राह्यलता. म्हन्ते, "अरे भैया, गज पे तो पेड़ की सूखी राल घिसते हैं. तेल लगाओगे तो क्या बजेगा? पोंछ दो उसको."

म्या धोतराचा सोगा घेतला, तं बायकोनं माझा हात धरला.

"पुसू नका," ती म्हने. "हे बरं हाय. रोज हेच वाजवत जा, अन् ते तुणतुणं देऊन टाका कोनाले."