जंगली लॅटिन

"चपराश्याले लॅटिन शिकवून राह्यली म्हणे थे कॉन्व्हेंटवाली!"

ऑफिसच्या दारातून हे ऐकू आलं आणि पाठोपाठ हसणं. मी व्हरांड्यात वही छातीशी धरून उभी होते. मागून चाचा येत होते, त्यांनीही ऐकलं. "चाल बेबी," ते एवढंच म्हणाले, "कालचे पाच नावं राह्यले न आपले."

चाचा म्हणजे मी शिकत होते त्या चंद्रपूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागाचे चपराशी. रोज बल्लारपूरहून गाडीनं येत, शर्टाच्या खिशात एखादं पान घेऊन. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, ज्याच्याकडे सगळ्या कपाटांच्या किल्ल्या असतात आणि ज्याला कोणी काही विचारत नाही.

मी विचारलं, तेही नाइलाजानं. झाडांची लॅटिन नावं मला पाठ होती, पण समोर फांदी आली की मी गप्प. चाचांनी एक कोवळं पान पुढे केलं. "गालाले लाव." मऊ लव लागली. "टोमेन्टोसा. म्हंजे लववाला. आपला ऐन." मग सालीचा तुकडा दिला. "चाव." तोंड कडूजहर झालं. "फेब्रिफ्यूगा. ताप पळवनारा. आपला रोहन." ते हसले. "आता भुलून दाखव मले!"

"पहिले हात, मंग नाव," हे त्यांचं नेहमीचं. तरुणपणी एका प्राध्यापकांचं सामान वाहत ते भामरागडकडच्या जंगलात हिंडले होते, तिथे ही विद्या मिळाली. तेव्हा त्यांनी दाबून वाळवलेल्या पानांनीच आमची कपाटं भरली होती.

त्या वर्षी ती कपाटं सांभाळणाऱ्याची जागा निघाली. झाडं ओळखून लॅटिन नावं सांगायची तोंडी परीक्षा होती. चाचांची नोकरी दोनच वर्षं उरली होती.

"बाहेरचा कोनी आला तं कुलूप बदलंन, बेबी. मंग माह्याच पानाइले हात लावाले मले परवानगी लागंन."

"पण तुम्हाला तर सगळं येतं."

"माही लॅटिन जंगली हाय. साहेबलोकायपुढं नाई चालत. मले शाळेतली शिकव. तुह्या वहीतली."

इथेच मी नाही म्हणायला हवं होतं. पण वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या माझं कोणीतरी ऐकणार होतं. मी वहीत यादी लिहून दिली, इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं, रोज वीस नावं. चाचांचा हात सवयीनं खिशातल्या पानाकडे जाई. मी म्हणायची, "चाचा, पान नको. हात मागे. आठवून सांगा."

ते शाळेतल्या मुलासारखे हात मागे बांधत. "बेबी म्हंते तं बरोबरच असंन."

महिन्याभरात बरीच यादी तोंडपाठ झाली. एकदा सहज मी त्यांना ऐनाचं पान दाखवलं. हात मागे ठेवूनच ते त्याच्याकडे पाहत राहिले. "थांब... थांब... यादीत कितवा हाय हा?" मला भीती वाटली. पण मी ती वहीत मिटून ठेवली. होईल सवय, म्हटलं.

परीक्षेच्या दिवशी टेबलावर फांद्या आणि साली मांडल्या होत्या. उमेदवारांना आत सोडायचं काम माझ्याकडे होतं. चाचांच्या पुढ्यात पहिलीच होती रोहनाची साल. धुतलेला शर्ट, हात मागे. ओठ हलत होते. "अकेशिया... अकेशिया..." ते यादीच्या आरंभापासून येत होते. आधीच्या उमेदवारानं तर प्रत्येक पान चुरगळून हुंगलं होतं. कोणी अडवलं नव्हतं. दोन शब्द माझ्या ओठांपर्यंत आले. खोलीत सगळे साहेब होते. मी हातातल्या नावांच्या कागदाकडे पाहत राहिले.

"चला, पुढचा," साहेब म्हणाले.

बाहेर आल्यावर चाचांनीच माझी समजूत घातली. "तुही शिकवनी बरोबर होती बेबी. माहाच दिमाग जुना."

नवा माणूस आला. कुलूप बदललं. चाचा कपाटं बाहेरून पुसत. त्यांच्या खिशात मग मला कधी पान दिसलं नाही.

काही वर्षांनी चाचा वारले, मला आठ दिवसांनी कळलं. मी बल्लारपूरला त्यांच्या घरी गेले. चाचींनी माझी वही आतून आणून दिली. कोपरे झिजून गोल झालेले.

"रोज सकाळी बसत अंगनात. हात मागं बांधून."

"रिटायर झाल्यावरही? कशासाठी?"

"मी बी पुसलं. म्हनत, बेबीनं एवढं लिवून देल्लं, एकदा पुरी तं होऊ दे."

मी पानं उलटली. कुठेही हिरवा डाग नव्हता.

अंगणात त्यांची बाज तशीच होती. त्यांनीच कधीकाळी लावलेल्या रोहनाची एक फांदी तिच्यावर वाकलेली, बसल्या जागेवरून हाताला येईल इतकी. चाची चहा ठेवायला आत वळल्या. माझे हात कधी मागे गेले होते, मला कळलं नाही. त्या रिकाम्या बाजेकडे पाहून मी बोलले, चाची दारातच थबकल्या इतक्या मोठ्यानं.

"चाचा, हात लावा."