वाचलं, समजलं

हॉस्पिटलात तिला सगळे फाईलमावशी म्हणायचे. आडनाव विचारलं असतं तर तिच्या शेजारी बसणाऱ्यालाही चटकन आठवलं नसतं. जिन्याखालच्या खोलीत बावीस वर्षं ती नियमांच्या फायली सांभाळत होती. वापरलेली सुई कुठे टाकायची, चादरी कशा धुवायच्या, फरशी कशाने पुसायची, सगळं तिच्या कपाटात. चूक दिसली की ती पेन्सिलीने चिठ्ठी लावायची आणि जुन्या मेट्रनबाई ती वाचून सही करायच्या. वाचून बरं का! हे मुद्दाम सांगावं लागतं, असले दिवस आलेत.

मग सॉफ्टवेअर आलं. कपाट भंगारात गेलं आणि माणसांच्या चार पायऱ्या झाल्या: वाचणारे, लिहिणारे, तपासणारे आणि मंजुरी देणारे. मंजुरी हॉस्पिटल चालवणाऱ्या साहेबांची, ते ओघानं आलंच. लिहायला साहेबांचा भाचा. आणि तपासायला? तोच भाचा! स्वतःच लिहायचं आणि स्वतःच छान म्हणायचं. नियम कोळून प्यालेली फाईलमावशी मात्र नुसती वाचणारी. तिला आजचा नियम तेवढा दिसायचा. काल काय होतं, कोणी बदललं, ते बघायला गेलं की पडद्यावर लाल पट्टी यायची, ‘तुम्हाला परवानगी नाही’.

"पगार तोच आहे ना? मग तुला काय पडलंय?" नवरा घरी बटाटे सोलता सोलता म्हणायचा.

"स्वतःच्या घरात पाहुणीसारखं दारात उभं केलंय मला," ती म्हणायची. त्यावर तो पुढचा बटाटा घ्यायचा.

खरी घाण तर पुढेच आहे. साहेबांना मंजुरीचा अधिकार हवा होता, पण बटण दाबायचा कंटाळा. म्हणून त्यांनी आपला पासवर्ड तिलाच देऊन ठेवला होता. कुत्र्याचं नाव आणि पुढे एक दोन तीन. दर गुरुवारी ती साहेबांच्या नावाने आत शिरायची आणि मंजूर, मंजूर, मंजूर करत सुटायची. स्वतःच्या नावाने एक स्वल्पविराम हलवायची सोय नाही, साहेबांच्या नावाने अख्खं हॉस्पिटल मंजूर! शी!

अशाच एका गुरुवारी अडतीस नियमांच्या गर्दीत फरशीचा नियम निघून गेला. दुसऱ्या दिवशी तिने तो नीट वाचला, तर चूक समोरच. फरशीचं औषध एक पेला, पाणी एक लिटर. अहो, दहा लिटर हवं! भाच्याने कुठूनतरी उचलून चिकटवताना शून्य गिळलं होतं. तिने लगेच शेरा लिहिला. शेरा गेला तपासणाऱ्याकडे, म्हणजे फिरून भाच्याकडेच. त्याने उत्तर धाडलं, "वाचणाऱ्यांनी फक्त वाचावे." ती साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, "बघतो." असा एक महिना ते बघत होते.

दुसऱ्या मजल्यावर एक सफाईवाली होती. पंधरा वर्षं ती दहा लिटरनेच पुसत आलेली. तिला सिस्टरने दटावलं, "कॉम्प्युटरमध्ये लिहिलंय तसं कर." हातमोजे फाटके, औषध दहापट कडक. आठवडाभरात तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत सोलवटले.

आणि औषध चुकीचं कालवलं म्हणून साहेबांनी चौकशी लावली कुणाची? त्याच सफाईवाल्या बाईची! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. नियमाखाली तिच्या नावापुढे ‘वाचलं, समजलं’ हे बटण दाबलेलं होतं म्हणे. ते सिस्टरने सगळ्या सफाईवाल्यांच्या वतीने एका दमात दाबलं होतं. बाईला स्वतःचं नावही वाचता येत नव्हतं. आता तिची नोकरी जाणार होती, आणि असल्या हातांना दुसरं काम कोण देतंय?

चौकशीच्या आदल्या दिवशी साहेबांनी फाईलमावशीला वर बोलावलं. आवाजात लोणी.

"मावशी, आजपासून तुम्ही लिहिणाऱ्या. किती दिवस मागे लागला होतात! आता एकच करायचं. त्या एक लिटरचे दहा करा, कारणाच्या रकान्यात लिहा ‘किरकोळ दुरुस्ती’. तपासणीची पायरी आजपुरती काढली आहे. उद्या चौकशी समितीपुढे नवी प्रत जाईल. नियम बरोबर, बाई चूक. विषय संपला."

भाचा आजारी होता. असाच वेळेवर आजारी पडतो तो.

तिला समोरच्या गुळगुळीत चेहऱ्याची किळस आलीच, पण त्याहून जास्त स्वतःच्या बोटाची आली. ते मंजूर तिनेच तर दाबलं होतं.

"दहा करते," ती म्हणाली. "पण या वेळी मंजुरी तुम्ही स्वतः द्या. मोबाईलवर येईल तुमच्या."

"काय एकेक नखरे!" साहेब म्हणाले.

खाली येऊन तिने आधी एकाचे दहा केले, कारण बाकीच्या बायकांचेही हात होतेच. मग कारणाच्या रकान्यात लिहिलं: ‘मूळ नियम दहा लिटरचा. महिनाभर इथे एक लिटर लिहिलेलं होतं. लिहिणारा आणि तपासणारा एकच. मंजुरी साहेबांच्या नावाने मी दिली, न वाचता. त्यामुळे सफाईवालीचे हात भाजले. तिची चूक नाही.’ मग पाठवून दिलं. साहेबांनी हे वाचलं की आजचा दिवस नोकरीचा शेवटचा.

दोन मिनिटांत उत्तर आलं. मंजूर.

तिने त्याची प्रिंट काढली.

समितीवर बाहेरचे एक म्हातारे डॉक्टर होते. साहेबांनी रुबाबात सांगितलं, "नियम स्वच्छ आहे. बाईंची वाचल्याची नोंदही आहे." बाई पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून बसली होती. फाईलमावशीने कागद पुढे सरकवला. डॉक्टरांनी तो आधी मनात वाचला, मग कारणाचा रकाना साहेबांपुढे धरला.

साहेब लालबुंद झाले. "हे मी वाचलेलंच नाही!"

"खाली मंजुरी तुमची आहे. काल दुपारची."

"अहो, दिवसाला शंभर येतात! बटण दाबलं म्हणजे वाचलं, असं थोडंच असतं?"

डॉक्टरांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. "बाईंनाही हेच लागू करू या," ते म्हणाले.

बाईची नोकरी राहिली. फाईलमावशीला संध्याकाळीच तिच्या कॉम्प्युटरवर लाल पट्टी दिसली. आता वाचायचीही परवानगी नव्हती. पिशवी घेऊन ती निघाली, तर फाटकाशी बाई थांबलेली.

"मावशी, त्या कागदावर काय लिहिलं होतं? मला कोणी सांगितलंच नाही."

प्रिंट पिशवीतच होती. फाईलमावशीने तिथेच उभं राहून सगळं वाचून दाखवलं. ‘न वाचता’ हे शब्दही तिने गाळले नाहीत. बाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली, मग आपल्या पट्ट्यांकडे.

"समजलं," बाई म्हणाली, आणि निघून गेली.