टिटवीनं अंडी कुठं घातली

रिहे गावच्या सगुणाबाईनं टिटवीची अंडी भाजून खाल्ली आणि त्या पापानं तिची वाचा बसली, असं साठ सालच्या उन्हाळ्यात गावात ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. यातलं एक अक्षर खरं नाही. बाई साध्या कोंबडीच्या अंड्यालाही शिवत नव्हती, आणि वाचा म्हणाल तर म्हशींना घातलेल्या तिच्या शिव्या पल्याडच्या वाडीपर्यंत ऐकू जात. पाखरांबद्दल बोलणं मात्र तिनं टाकलं होतं, आणि तेच गावाला सोसत नव्हतं.

एरवी ती बोलायची ती पाखरांबद्दलच. नवरा गेल्यावर भावाकडे, कोंडाजीकडे, राहायला आली आणि त्याच्या म्हशी वळू लागली. चैत्रात गावतळं आटून चिखल उघडा पडला की म्हशी त्यात बसत आणि ही काठावर, डोईवर पदर ओढून दिवसभर पाखरं बघत. लांब तांबड्या पायांचा शेकाट्या चिखलातून निघाला की म्हणे, "आला बघा पौडाचा तलाठी, धोतार सावरत." मान आखडून बसलेल्या ढोकरीला ती जावईबापू म्हणे, पुढ्यात काही आल्याशिवाय हलत नाही म्हणून.

गावाला मात्र हवी असे टिटवी. तिनं उंचावर अंडी घातली तर पाऊस दांडगा, ओढ्याच्या पात्रात घातली तर बेताचा, अशी रिह्याची समजूत. दहा जण बघायला गेले तर पाखरू अंडी टाकून जातं. म्हणून सगुणाबाईनं बघायचं आणि गावानं ऐकायचं.

एकोणसाठच्या वैशाखात तिला घरटं दिसलं ते वरच्या माळावर, खडकाच्या खोबणीत. चार अंडी, मातीच्याच रंगाची. त्याच आठवड्यात हैबतरावांना कुणा वैदूनं दम्यावर टिटवीची अंडी सांगितली. गावातलं मोठं घर. त्यांना नाही म्हणायची रीत नव्हती. काठी टेकत ते तळ्यावर आले.

"कुटं हाय गं औंदा घरटं?"

"ओढ्यात, दादा. पार खालच्या अंगाला."

टिटवीही असंच करते. माणूस दिसला की अंड्यांपासून लांब जाऊन गलका करते आणि माणूस गलक्यामागं जातो. हैबतराव तीन दिवस धापा टाकत ओढ्यातले गोटे उलथत होते, आणि बाई काठावर पदरात तोंड खुपसून हसत होती.

पण हैबतरावांना सांगितलेलं गावानंही ऐकलं. पाऊस बेताचा असं धरून कोंडाजीनं भाताचं रोप ओढ्यालगत टाकलं आणि बैलांचा मांडवही तिथंच नेला. सगुणाबाईचं हसू गेलं.

"कोंडाजी, बैलं वरच बांध की."

"का गं अक्का? टिटवी तूच बगितलीस न्हवं?"

कोंडाजीला खरं सांगून टाकावं, तर त्याच्या पोटात काही राहत नसे; दिवस मावळायच्या आत हैबतराव माळावर पोचले असते. पिल्लं निघाली की सांगू, असं तिनं ठरवलं. मांडव हलवायला कितीसा वेळ लागतो?

पिल्लं निघाली तेव्हा पावसाचा चौथा दिवस होता. चारही जगली होती. ती बघून सगुणाबाई भिजतच ओढ्याकडे निघाली. मांडव जागेवर नव्हता. माणसं काठाला उभी होती आणि तिच्याकडे बघायचं टाळत होती. बैल सोडायला कोंडाजी पाण्यात उतरला होता. एक बैल पोहून वर आला. कोंडाजी तिसऱ्या दिवशी खाली करंजाच्या मुळ्यांत सापडला.

त्याची बायको गोजराबाई, तिनं नणंदेला बोल लावला नाही. "पाखरालाच कळलं न्हाई," एवढंच म्हणाली. मग सगळं गाव टिटवीला शिव्या देऊ लागलं. सगुणाबाई त्याच घरात, गोजराबाईच्याच हातची भाकरी खात ऐकत राहिली. अंडी न मिळालेल्या हैबतरावांनी सगुणाबाईनंच ती भाजून खाल्ल्याची गोष्ट उठवली. तीही तिनं ऐकून घेतली.

पुन्हा वैशाख आला. रोपं टाकायची वेळ झाली, तसे हैबतराव चार माणसं घेऊन तळ्यावर आले. गोजराबाई भाकरी घेऊन आलेली, तिथंच बसली होती.

"सांग की गं, टिटवी कुटं हाय? का औंदा बी ती आमाला फसवणार?"

सगुणाबाईनं आधी गोजराबाईकडे पाहिलं. मग म्हणाली, "टिटवीनं माळावरच घातली व्हती, दादा. ओढा म्या सांगितला. काय बोलायचं ते मला बोला, पाखराला नगं."