शाळेच्या गेटचा ठराव

नावाचा बोर्ड लावायला शाळेच्या गेटला हात लावला, तर गेटच माझ्याकडे झुकलं. वेल्डिंग मशीनची वायर टाकून मी दोन्ही हातांनी ते धरलं.

मी वेल्डर. सातवीतून शाळा सोडली, किनवटकडून पोटासाठी नेवाशाकडे आलो. सरकत्या गेटचं गणित सोपं असतं. खाली चाकं रुळावर चालतात, वर खांबावरचा ब्रॅकेट गेटला उभं धरतो. इथला ब्रॅकेट तुटलेला. शेवटाला अडवणारा स्टॉपर नाहीच. आणि सुट्टीत पोरं त्याच गेटला लोंबकळतात. त्यांत माझी मुलगीही.

हेडमास्तरांना दाखवलं. ते म्हणाले, "मिस्तरी, उद्या केंद्रप्रमुख साहेब तपासणीला येतायत. आज फक्त बोर्ड लावा. गेटचं शाळा समिती बघेल."

समितीचे अध्यक्ष अण्णा पारावर होते. "समिती देखरेख करती, दुरुस्ती न्हाई. ते ग्रामपंचायतीचं."

ग्रामसेवक म्हणाले, "शाळा जिल्हा परिषदेची. आमचा काय संबंध?"

गेट तेवढं कुणाचंच नव्हतं.

खरं तर समितीत मीही होतो. कायदा सांगतो, बहुतेक सदस्य पालकच हवेत. मुलीला दाखला नसताना, वर्षाच्या मध्येच हेडमास्तर सरांनी वर्गात बसवलं होतं. ते उपकार मी विसरणार नाही. म्हणून त्यांनी "सदस्य व्हा" म्हटलं, झालो. परगावचा माणूस वाद घालत नाही, हे त्यांनाही माहीत असावं.

समितीची कामं काय, हे ऑफिसशेजारच्या भिंतीवर रंगवलेलं आहे. त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे. विकास आराखडा करणे. अनुदानाच्या वापरावर देखरेख ठेवणे. भिंतभर देखरेख! पडणारं गेट धरायचं कुणी, ते कुठेच नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी बहुधा गेट पाहिलंच नसावं.

मी सरांना म्हणालो, "मीटिंग घ्या, ठराव करू."

"ठराव झालाय की." त्यांनी रजिस्टर उघडलं. 'मुख्य गेट दुरुस्त करण्यात आले. सर्व सदस्यांनी प्रत्यक्ष पाहणी करून समाधान व्यक्त केले.' खाली नऊ सह्या. पाचवी माझी.

आमच्याकडे मीटिंग अशीच होते. शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो, कोऱ्या पानावर सह्या घेतो. मजकूर नंतर. ही सही मी मोटरसायकलच्या टाकीवर रजिस्टर ठेवून केली होती.

"सर, हे खोटं आहे."

"मागच्या भेटीत साहेबांनी गेटचा शेरा मारला होता. उत्तर पाठवावं लागतं. तुम्ही कशाला घाबरता?"

घाबरणारच. उद्या गेट एखाद्या पोरावर पडलं असतं, तर कागदावर समाधान व्यक्त करणारा वेल्डर मीच. बाकीच्या आठांना वेल्डिंग कळत नाही, असं तरी म्हणता आलं असतं.

बोर्ड लावला. मग गेट बंद करून दोन्ही बाजूंच्या खांबांना टॅक मारले. टॅक म्हणजे दोन लोखंडं धरून ठेवणारा वेल्डिंगचा ठिपका. पोरांना शेजारचं छोटं दार होतंच.

दुसऱ्या दिवशी साहेबांची गाडी बाहेर अडकली. हॉर्नवर हॉर्न. अण्णा हार घेऊन आत, साहेब उन्हात. छोट्या दाराने साहेबांना कसं आणायचं!

"गेट उघडत का न्हाई? कुणी केलं हे?" अण्णा ओरडले.

मी पुढे झालो. "मी केलं. उघडलं तर पडेल."

साहेब म्हणाले, "दुरुस्त केल्याचं पत्र आलंय मला."

"पत्र आलं असेल साहेब. ब्रॅकेट नाही आला."

सगळे सरांकडे बघू लागले. सर भिंतीकडे, जिथे देखरेख लिहिली होती.

पुढची दहा मिनिटं बघण्यासारखी होती. गेट शाळेचं निघालं. दुरुस्ती शाळेच्या अनुदानातून करायची निघाली. ठराव समितीनेच करायचा निघाला. तिघांना आदल्या दिवशी जे कळलं नाही, ते साहेबांचा शर्ट घामाने भिजल्यावर सगळ्यांना तोंडपाठ! त्याच आठवड्यात ब्रॅकेट आणि स्टॉपर मीच बसवले.

आठवडाभर सर माझ्याशी बोलले नाहीत. मुलीवर राग निघेल, या भीतीने झोप लागेना. तसं झालं नाही. माणूस वाईट नाही, कागद भरायची सवय वाईट.

रजिस्टर अजून घरीच येतं. कोरं पान मी परत पाठवतो. शिपाई म्हणतो, "मिस्तरी, लई शहाणे झालात तुमी. बाकीच्यांनी केल्या की सह्या."

भरलेलं पान आलं की शेवटपर्यंत वाचतो. मजकूर आणि सही यांच्यात जागा उरली असेल, तर तिथे आडवी रेघ मारतो. तो माझा टॅक.