धोपटणंवाल्या गोऱ्याचा भाव

माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याने एक विमान पाडलेले आहे. सुदैवाने ते अजून उडाले नव्हते. त्यात माझी आई बसणार होती.

आम्ही माजलगावचे. रोज संध्याकाळी आमच्या गच्चीवरून एक विमान जाते. आई वाळवण गोळा करता करता मान वर करते आणि ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहते. "वरून कसं दिसत आसंल रे? धरणाचं पाणी ताटलीवाणी दिसत आसंल, न्हाई?" एवढेच म्हणते. तिकीट काढ, असे कधी म्हणाली नाही. (म्हणाली असती तर मी कारणे तरी सांगितली असती!)

वडील ड्रायव्हर होते. मोठ्या दुष्काळात आमच्या भागात बोअर घ्यायला आलेल्या एका अमेरिकन माणसाची जीप ते चालवत. जाताना त्याने त्यांना स्वतःच्या लहानपणचे एक कार्ड दिले. बेसबॉलच्या खेळाडूचे. आमच्याकडे तो खेळ कुणाला माहीत? कपडे धुवायचे धोपटणे खांद्यावर टाकून एक गोरा हसतोय, एवढेच आम्हाला कळायचे. वडील गेले, गोरा ट्रंकेत हसत राहिला.

आणि एके दिवशी मोबाइलवर दिसले की अशा जुन्या कार्डांचे लिलाव होतात! झाले. गाव कापसाचा भाव विचारायचे, मी धोपटण्याचा. नव्या कार्डांचे भाव कधी पडतात, जुन्यांचे कसे टिकून राहतात, हे मी चहाच्या टपरीवर अनोळखी माणसांना समजावू लागलो. कोपरे टोकदार हवेत, रंग ताजा हवा, डाग तर नकोच. डाग पडला की भाव मोंढ्याच्या बाजारातल्या भिजलेल्या सोयाबीनसारखा आपटतो!

मुंबईच्या एका लिलाववाल्याला मी फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन. "काका, कार्ड अगदी स्वच्छ आहे. मोटार येईल एवढे पैसे मिळतील. दिवाळी झाली की मी स्वतः येतो. तोवर हात लावू नका."

त्यानंतर मी जमिनीवर नव्हतोच. गच्चीवर उताणा पडायचो आणि विमानात असायचो. खिडकीशी आई, पलीकडे बायको सुमन, खाली ताटलीएवढे धरण. ढगातून तो धोपटणंवाला चहाचा ट्रे घेऊन यायचा आणि आईला विचारायचा, "आजी, साखर किती?"

कार्डाची मी अशी राखण केली की विचारू नका. पापड भाजायच्या चिमट्याने उचलायचो. घरात फोडणीला बंदी केली. (वाफ!)

"अवो, मग वरण काय तसंच पांढरं खायचं का?" सुमन कडाडली.

"विमानात पण असंच मिळतं. सवय कर."

लक्ष्मीपूजनाला पाट मांडला. दागिने, पासबुक, नाणी आणि मधोमध प्लास्टिकच्या पिशवीत कार्ड.

"देवापुढं पिशवीत गुंडाळून ठेवतेत व्हय रे?" आई म्हणाली. "काढ की भाईर. त्या गोऱ्याला बी लक्ष्मी दिसू दे."

मी चिमट्याने कार्ड बाहेर काढले. पूजा सुरू झाली. समया तेवत होत्या, उदबत्तीचा धूर ढगासारखा तरंगत होता आणि त्या ढगात माझे विमान अलगद चढत होते... ओला अंगठा हळदीत, मग कुंकवात, पुढे नाण्याला, पासबुकाला, दागिन्याला, आणि तसाच भक्तिभावाने त्या गोऱ्याच्या कपाळाला! वर अक्षता. त्या चिकटल्यासुद्धा!

"अवो!" सुमन किंचाळली.

"काय झालं?" मी डोळे मिटूनच विचारले.

"तुमी गोऱ्याला मळवट भरला!"

मी ओल्या फडक्याने पुसले, कुंकू गालांवर पसरले. मग खोडरबर घेतला. कुंकू तिथेच राहिले, नाक गेले.

लिलाववाल्याने व्हिडिओ कॉलवर कार्ड बघितले.

"काका, हे लाल काय?"

"कुंकू."

"आणि नाक?"

"ते खोडलं."

"असल्या मालाला बाजार नाही, काका," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

संध्याकाळी विमान आले. आईने मान वर केली, मी खाली घातली. "जाऊ दे रे," ती म्हणाली, "येवढ्या उंचावर मला चक्कर आली आसती." पण ते दिसेनासे होईपर्यंत बघत मात्र राहिली.

यंदाच्या लक्ष्मीपूजनाला कुंकवाची वाटी सुमनने माझ्या हाताला लागू दिली नाही. आईच घरभर फिरली. घरातल्या किमती वस्तूंना एकेक बोट लावत होती. कपाट झाले, फ्रिज झाला, आणि ती माझ्यासमोर आली. मी कपाळ पुढे केले.

आईने अंगठा हवेत धरला. मला वरपासून खालपर्यंत नीट बघितले. आणि मिक्सरला कुंकू लावायला निघून गेली.